सव्वा वर्षाच्या बाळाला जुलाब थांबवायची गोळी किती द्यायची?

पत्र:

"काकू नमस्कार, मी सुदामा नगरला राहते. मुलगा सव्वा वर्षाचा आहे, वजन साडेनऊ किलो. परवा रात्रीपासून त्याला लूज मोशन सुरू झालेत, दिवसातून सात-आठ वेळा पाण्यासारखी शी होते, दोनदा उलटी पण झाली, ताप थोडासाच आहे. ओआरएस देऊन पाहिलं पण काही फरक नाही, मोशन थांबतच नाहीयेत. ह्यांच्यासाठी आणलेल्या लोपरामाइडच्या गोळ्या घरात आहेत, सासूबाई म्हणतात त्यातली अर्धी चुरून मधातून दे, त्यांच्या बहिणीच्या नातवाला दिली होती आणि एका दिवसात बसलं. मेडिकलवाल्यानं वेगळंच एक सिरप दिलंय, ते अजून उघडलं नाही. मोठी मुलगी सहा वर्षांची आहे, तिचंही पोट आज सकाळपासून बिघडलंय. शुक्रवारी रात्रीच्या बसनं पुण्याला लग्नाला जायचंय म्हणून मला काहीही करून हे थांबवायचंय. लहान मुलांना सेफली किती डोस देता येतो ते प्लीज लवकर सांगा. — एक आई, इंदूर"

उत्तर:

अगं, आधी उत्तर देते मग बाकीचं बोलू. ती गोळी देऊ नकोस. अर्धी नको, पाव नको, मधातून नको, कशातूनच नको. सव्वा वर्षाच्या मुलासाठी लोपरामाइडचा घरी बसून ठरवता येईल असा सेफ डोस नाहीच. दोन वर्षांखाली तर हे औषध द्यायचंच नाही असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना तर सांगते की लहान मुलांच्या जुलाबात मोशन थांबवणारी औषधं वापरूच नका, फायदा काही नाही आणि धोका खरा आहे.

आणि तुझं पत्र माझ्यापर्यंत येईस्तोवर कुणी दिलीच असेल तर आत्ता वाचणं थांबव आणि बाळाकडे बघ. एकदम सुस्त झालाय का, हाक मारून नीट जागा होत नाहीये का, श्वास हळू चाललाय का, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक झालीये का, पोट फुगून टणक लागतंय का? यातलं एक जरी दिसलं तर १०८ ला फोन कर किंवा जी गाडी मिळेल तिनं एमवाय हे मोठं सरकारी हॉस्पिटल किंवा मुलांचं चाचा नेहरू हॉस्पिटल, जे जवळ असेल तिथल्या इमर्जन्सीला ने, आणि गोळीची स्ट्रिप बरोबर घेऊन जा म्हणजे डॉक्टरांना नाव विचारत बसावं लागणार नाही. उलटी करवायला बोटं घालू नका. आणि काहीच दिसत नसलं, बाळ ठीक वाटत असलं तरी गोळी पोटात गेली असेल तर दाखवायलाच पाहिजे, कारण असर नंतरही होऊ शकतो.

आता हे असं का ते सांगते, कारण नुसतं नको म्हटलं की घरात कुणी ऐकत नाही, हे माझं अर्धं आयुष्य औषधाच्या काउंटरमागे गेलंय म्हणून मला चांगलं माहितीये.

आधी नुसता हिशोब बघ. मोठ्या माणसाची गोळी २ मिलिग्रॅमची असते. साठ किलोच्या माणसानं एक घेतली तर किलोमागे साधारण ०.०३ मिलिग्रॅम पडतं. तुझ्या साडेनऊ किलोच्या बाळाला अर्धी दिली तर किलोमागे ०.१ च्या वर, म्हणजे अर्धी म्हणता म्हणता तिप्पट झाली. शिवाय चुरलेल्या गोळीचा अर्धा भाग कुणी बरोबर अर्धा करू शकत नाही. पण समजा कुणी अगदी तोलून दिला तरी माझं उत्तर बदलत नाही, कारण मुद्दा फक्त डोसचा नाहीये.

लोपरामाइड हे अफूच्या नात्यातलं औषध आहे. आपल्या माळव्यात हे वेगळं समजवायची गरज नाही, मंदसौर-नीमच-रतलामकडे लायसनवर अफूची शेती होते, नीमचला सरकारी कारखाना आहे, आणि जुन्या घरांमधून मूल रडतंय, दस्त लागलेत म्हणून अफूचं बोट चाटवायची पद्धत कुणी ना कुणी ऐकलेली असते. त्यानं मूल शांत पडायचं, शी थांबायची, आणि काही मुलं उठायचीच नाहीत. लोपरामाइड कारखान्यात बनतं पण आतड्याला पकडायची त्याची जागा तीच, आतड्याची हालचाल मंद करायची. मोठ्या माणसात ते बहुतेक आतड्यापुरतंच राहतं, मेंदूच्या दारात जी व्यवस्था असते ती त्याला बाहेर फेकते. बाळांमध्ये त्या व्यवस्थेचा भरवसा नाही, म्हणून झोप, सुस्ती, श्वास मंदावणं. १९९० च्या सुमारास पाकिस्तानात याच औषधाचे बाळांसाठीचे थेंब दिल्यावर काही तान्ही मुलं आतडं बंद पडून दगावली, मग ते थेंब बाजारातून काढून घ्यावे लागले. याच्याच जातीचं दुसरं औषध म्हणजे डायफेनॉक्सिलेट-अ‍ॅट्रोपिन, ते तर लहान मुलांसाठी आणखी वाईट, आणि मुलांसाठीची त्याची पातळ औषधं आपल्या देशात बंद आहेत, पण मोठ्यांच्या गोळ्या घराघरात पडलेल्या असतात. तुमच्या औषधाच्या डब्यात असली तर लोपरामाइडसकट ती मुलांच्या हाताबाहेर, वरच्या फडताळात ठेव.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे सासूबाईंनाही वाचून दाखव. समजा गोळीनं शी थांबली. तर आत काय झालं? मोरी तुंबली की पाणी बाहेर जाताना दिसत नाही पण आत साठतंच, तसं होतं ते. आतड्याचं अस्तर सुजलंय, ते पाणी आणि मीठ आतड्यात सोडतंच आहे, फक्त ते बाहेर येत नाहीये. पाणी बाळाच्या रक्तातून गेलंच, तुला दिसलं नाही एवढंच. डायपर कोरडा बघून सगळे खूश, बाळ आतून सुकतंय, आणि जो व्हायरस किंवा बॅक्टेरिया शीवाटे बाहेर पडत होता तो आतच मुक्कामाला. बहिणीच्या नातवाला बसलं म्हणतात, मला खोटं वाटत नाही, अशी पुष्कळ मुलं आपोआप बरी व्हायच्या वळणावरच असतात आणि श्रेय गोळीला जातं. पण ज्या मुलांना त्रास झाला त्यांच्या घरचे लोक हा अनुभव लग्नसमारंभात सांगत फिरत नाहीत ना, म्हणून आपल्या कानावर नेहमी बरं झालेल्यांचंच येतं.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला फार अडकलं, "ओआरएस देऊन पाहिलं पण काही फरक नाही". हे मी इतक्या आयांकडून ऐकलंय. ओआरएसनं मोशन थांबत नाहीत. ते थांबवायला दिलेलंच नसतं. जेवढं पाणी-मीठ गेलं तेवढं परत भरायला ते असतं, आणि मोशन आपल्या वेळेनं थांबतात, लहान मुलांत दोन दिवसांत, चार दिवसांत, कधी आठवडाही लागतो. म्हणून "फरक पडला का" हे डायपर मोजून बघायचं नाही, बाळाकडे बघून ठरवायचं. तोंड ओलं आहे का, रडताना डोळ्यात पाणी येतंय का, शू होतेय का, खेळतोय का. हे सगळं असेल आणि शी आठ वेळा झाली तर ओआरएस आपलं काम चोख करतंय असं समज.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालात बनगावला, कॉलऱ्यानं माणसं पटापट मरत होती, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-सोड्याची पावडर पाण्यात कालवून ड्रममधून प्यायला द्यायला लावली, नर्स नसतील तिथे नातेवाईकांच्याच हातून. मृत्यूचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आलं. कॉलरा होता तो, तुझ्या बाळाच्या जुलाबापेक्षा कितीतरी भयंकर. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. हे मुद्दाम सांगते कारण त्या पाकिटाची किंमत बघून लोकांना वाटतं हे काय औषध, काहीतरी स्ट्रॉंग द्या. यापेक्षा स्ट्रॉंग काही नाहीये जुलाबात.

मग प्रश्न उरतो तू दिलंस किती? लिहिलं नाहीयेस, पण बहुतेक वेळा "दिलं" म्हणजे दिवसभरात चार-सहा चमचे असतं. पाच एमएलचा चमचा धरला तर चार चमचे म्हणजे २० एमएल झालं फक्त. दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ शीनंतर ५० ते १०० एमएल द्यायचं असतं. आठ मोशन झाल्या तर निदान ४०० एमएल, जास्तीत जास्त ८०० पर्यंत, तेही रोजचं दूध-पाणी वेगळं. मुलीला सहा वर्षांची आहे म्हणून दर शीनंतर १०० ते २०० एमएल, मागेल तर जास्त. दुधाची खुणांची बाटली घरात असेल तर ती मोजायला वापर, पाजायला मात्र वाटी-चमचाच, कारण बाटलीनं गटागट प्यायला की उलटून काढतो, आणि बाटली नीट धुतली गेली नाही तर नवीनच जुलाब.

उलटी झाली की सगळे घाबरून ओआरएस बंद करतात. बंद करू नकोस. दहा मिनिटं थांब, मग दर दोन-तीन मिनिटांनी एकच चमचा. कंटाळवाणं काम आहे खरं, एका माणसानं मांडी घालून बसायचं काम आहे, आजोबा असतील तर त्यांना बसव, घड्याळ समोर ठेवून आजोबा हे फार छान करतात. उलटी झाली तरी सगळं बाहेर येत नाही, बरंच आत राहतं.

बनवताना पाकीट पूर्ण वापरायचं. मोठं पाकीट १ लिटरचं असतं, छोटं २०० एमएलचं, पाकिटावर लिहिलेलं वाच आणि तेवढंच पाणी मोजून घे. अंदाजानं अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकलं की मीठ जास्त होतं आणि ते बाळाला खरंच घातक आहे, पातळ केलं तर उपयोगाचं नाही. आपल्याकडे नर्मदेचं पाणी रोज येत नाही, टाकीत साठवलेलं असतं, म्हणून पाणी आधी उकळून गार कर आणि मग पावडर घाल, पावडर घातल्यावर उकळायचं नाही. वरून साखर नको, दुधात नको, ज्यूसमध्ये नको. झाकून ठेव आणि २४ तासांनी उरलेलं फेकून नवीन कर.

आणि दुकानातून आणताना पावडरचं पाकीटच माग, ज्याला आपण सगळे सरसकट इलेक्ट्रॉल म्हणतो ते, त्यावर डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा, फॉर्म्युला लिहिलेलं असतं. टेट्रापॅकमधले गोड सफरचंद-संत्र्याचे पेय ओआरएससारखं नाव लावून वर्षानुवर्षं विकले गेले, मेडिकलमध्येच, त्यात साखर इतकी की जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध कित्येक वर्षं भांडत राहिल्या आणि शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं अशा पेयांवर ओआरएस हा शब्द लिहायला मनाई केली. तरी जुना माल कुठे पडलेला असू शकतो, आणि सवयीनं लोक मागतातही, म्हणून बघून घे. रात्री पाकीट संपलं आणि दुकान बंद असेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, मोजून. भाताची पेज मीठ घालून, ताक, वरणाचं पाणी हेही चालतं. कोल्ड्रिंक, पाकीटबंद ज्यूस, गोड चहा नको.

आता मेडिकलवाल्याचं सिरप. नाव लिहिलं नाहीस पण मला अंदाज आहे, ओफ्लॉक्सासिनबरोबर मेट्रोनिडाझोल किंवा ऑर्निडाझोल असं काहीतरी बाटलीवर असेल, बारीक अक्षरात वाच. काउंटरवर कुणी लूज मोशन म्हटलं की हात त्याच बाटलीकडे जातो. पण या वयात पाण्यासारखे जुलाब बहुतेक व्हायरसचे असतात आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही, उलट पोटातले चांगले जंतू मारून जुलाब लांबवू शकतं. शीमध्ये रक्त असेल, कॉलऱ्याचा संशय असेल तेव्हा अँटिबायोटिक लागतं आणि ते डॉक्टरांनी तपासून द्यायचं. तू उघडलं नाहीस ते फार बरं केलंस, बिल असेल तर परत कर.

घरात आणखी काय काय असतं तेही सांगून टाकते. पोटदुखीचे थेंब, ज्यात डायसायक्लोमिन असतं, ते सहा महिन्यांखालच्या बाळाला तर कधीच नाही, श्वासाचा त्रास होतो, आणि तुझ्या बाळालाही स्वतःच्या मनानं नको. मोठ्यांची उलटीची मेटोक्लोप्रामाइडची गोळी नको, मुलांची मान-डोळे त्यानं वाकडे होतात आणि घरातले घाबरून जातात. अमेरिकेहून कुणी आणलेलं पोटाचं गुलाबी औषध नको, ते अ‍ॅस्पिरिनच्या घराण्यातलं आहे, बारा वर्षांखाली देत नाहीत. इसबगोल बाळाच्या घशात अडकतं. जायफळ उगाळून एखादा वळसा देणाऱ्या आज्या असतात, त्यांचा हात हलका असतो हे मला माहितीये, पण जायफळ जास्त झालं की तेही गुंगी आणतं, आणि आजारी बाळात गुंगी कशामुळे आली, जायफळामुळे की पाणी कमी झाल्यामुळे, हे तुलाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही कळणार नाही. म्हणून आत्ता हे नकोच. रेसेकॅडोट्रिल नावाची पुडी काही डॉक्टर देतात, ती वेगळी आहे, ती आतड्याची हालचाल थांबवत नाही, आतड्यात सुटणारं पाणी कमी करते, ती डॉक्टरांनी वजन बघून लिहिली तर दे, आपणहून आणू नकोस. तापासाठी पॅरासिटामॉल देत असशील तर एक गोष्ट नक्की बघ, ड्रॉप्स आणि सिरप यांची ताकद सारखी नसते. ड्रॉप्समध्ये १ एमएलमध्येच १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये ५ एमएलला १२५ किंवा २५० असं असतं. सिरपचा पाच एमएलचा डोस ड्रॉप्सच्या बाटलीतून दिला तर ५०० मिलिग्रॅम जाईल, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी. बाटलीबरोबर आलेला ड्रॉपर किंवा कपच वापर, पोहे खायचा चमचा नाही.

जे औषध खरंच द्यायचंय ते झिंक आहे, आणि तेच नेमकं कुणी मागत नाही. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत रोज २० मिलिग्रॅम, विरघळणारी गोळी असते, एक चमचा पाण्यात किंवा आईच्या दुधात टाकली की विरघळते. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी. अर्ध्या तासाच्या आत उलटून काढली तर परत एक दे. झिंकनं जुलाबाचे दिवस कमी होतात आणि पुढचे दोन-तीन महिने परत व्हायची शक्यताही घटते. आशा कार्यकर्तीकडे, अंगणवाडीत, सरकारी दवाखान्यात ओआरएस आणि झिंक दोन्ही फुकट मिळतं, मागायला लाजू नकोस.

डॉक्टरकडे तर आज जाच. दोन दिवस झालेत, उलटी आहे, ताप आहे, वय लहान आहे, एकदा तपासून घे. पण काही गोष्टी दिसल्या तर आज-उद्या करायचं नाही, त्याच क्षणी निघायचं, मध्यरात्र असली तरी. डोळे खोल गेलेत. खूप तहान लागून हपापून पितोय, किंवा उलट, पितच नाही, मलूल पडलाय. पोटाच्या बाजूची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळूहळू खाली बसतेय. सहा तासांत शू नाही. आता हे शूचं डायपरमध्ये कळत नाही, पातळ शीत सगळं मिसळून जातं, म्हणून हे दोन दिवस जुन्या सुती कापडाचे लंगोट वापर, धुणं वाढेल पण कळेल तरी. शीमध्ये रक्त आलं, काहीही दिलं की उलटतंय, हिरवी उलटी झाली, ताप चढतोय, तरीही निघायचं. आणि एक वेगळं लक्षण, बाळ मध्येच पाय पोटाशी घेऊन किंचाळून रडतं, मग गप्प होतं, परत रडतं, आणि लाल जेलीसारखी शी होते, यात आतडं आतड्यात अडकलेलं असू शकतं, ते ऑपरेशनपर्यंत जाऊ शकतं, तेव्हा घरी काहीही न देता थेट हॉस्पिटल. थोडं सुकलेलं असेल तर तिथे समोर बसवून चार तासांत किलोमागे ७५ एमएलच्या हिशोबानं ओआरएस पाजतात, तुझ्या बाळाला साधारण ७०० एमएल, आणि फारच सुकलेलं असेल तर सलाइन. सलाइन लावलं नाही म्हणजे ट्रीटमेंट केली नाही असं समजून डॉक्टरांशी भांडू नका, तोंडानं जात असेल तर तोंडानंच चांगलं.

पुण्याच्या लग्नाचं मी स्पष्ट सांगते, तुला आवडणार नाही कदाचित. दोन्ही मुलं आजारी असताना रात्रभराच्या स्लीपर बसमध्ये त्यांना घालू नकोस. शी येईल म्हणून त्रास होईल हा प्रश्न लहान आहे, मोठा प्रश्न हा की अंधारात, पडदा लावलेल्या बर्थवर बाळ सुस्त झालंय की झोपलंय हे तुला कळणार नाही, आणि कळलं तेव्हा गाडी कुठल्या तरी घाटात असेल. शिवाय व्हायरस असेल तर लग्नघरातल्या सगळ्या पोरांना वाटून येशील. शुक्रवारपर्यंत चोवीस तास उलटी नाही, शू व्यवस्थित, खेळतोय, आणि डॉक्टर जा म्हणाले तर जा, बरोबर ओआरएसची पाकिटं, थर्मासमध्ये उकळलेलं पाणी, झिंक घेऊन. नाहीतर ह्यांना आणि सासूबाईंना पुढे पाठव, तू घरी थांब. नातेवाईक दोन दिवस रुसतील, मग विसरतील.

सासूबाईंवर चिडू नकोस गं. ज्या काळात त्यांनी मुलं वाढवली तेव्हा दस्त म्हणजे मूल जायचं, डोळ्यांनी पाहिलेलं असतं त्यांनी, म्हणून त्यांना ते थांबलेलं बघायचं असतं, आणि अर्धी गोळी त्या प्रेमातूनच आली आहे. त्यांना काम दे. ओआरएस मोजून बनवणं, किती वेळा शी झाली, किती एमएल गेलं, शू कधी झाली हे कॅलेंडरवर लिहिणं. डॉक्टरांना तो कागद दाखवलास तर दहा प्रश्नांचा वेळ वाचतो. मुलांचं ढुंगण धुतल्यावर आणि भरवायच्या आधी साबणानं हात धुवा सगळ्यांनी, सॅनिटायझर नाही, साबण, कारण जुलाबाच्या नोरोव्हायरससारख्या जंतूंवर साबण-पाण्यानं घासून धुणंच भरवशाचं.

खाणं बंद करायचं नाही. पोटाला आराम म्हणून दोन दिवस नुसत्या साबुदाण्याच्या पाण्यावर ठेवलेली मुलं फार अशक्त होतात. अंगावर पीत असेल तर उलट जास्त वेळा पाज, वरचं दूध पाणी घालून पातळ करू नकोस, आणि मऊ खिचडी, दहीभात, वरणभात तुपाचा थेंब घालून, कुस्करलेलं केळं, थोडं थोडं, पाच-सहा वेळा. मुलीलाही हेच, तिला फक्त छप्पनचं आणि सराफ्यातलं बाहेरचं खाणं काही दिवस बंद. लोपरामाइड तिलाही नाही, सहा वर्षांची झाली म्हणून गोळी सेफ झाली असं नाही, तिच्या वयात ते डॉक्टरांच्या हातातलं औषध आहे. तिला झिंक द्यायचं का तेही डॉक्टरांना विचार, सरकारी प्रमाण पाच वर्षांपर्यंतचं आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी शी घट्ट व्हायला लागेल आणि घरात सगळे म्हणतील झालं, बरा झाला, आता कशाला औषध. तेव्हा ओआरएस थांबव पण झिंक थांबवू नकोस, ते १४ दिवस पूर्ण द्यायचं, मोबाइलमध्ये अलार्म लाव हवं तर. आणि त्याच दोन आठवड्यांत रोजच्यापेक्षा एक जेवण जास्तीचं दे, गेलेलं वजन त्यातच भरून निघतं. दोन आठवड्यांनीही शी पातळच असेल तर परत दाखव, तो मग वेगळा आजार असतो आणि त्याची तपासणीही वेगळी असते.